दुसरीकडे पाहताना

वाक्य बोलून झालं आणि मग ज्ञानदाला ते ऐकू आलं. लांबच्या घाटावर धोब्यानं कपडा आपटलेला आधी दिसतो आणि आवाज मागाहून येतो, तसं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये समोरच्या बाकावर पोलिसांचे एएसआय भंवरलालजी गुडघ्यावर पॅड ठेवून लिहीत होते. जखमी माणूस बोलण्याच्या स्थितीत नसला की पोलीस हॉस्पिटलातच सोबतच्या माणसाचा जबाब लिहून घेतात. जयपूरच्या ठाण्यांत त्याला पर्चा बयान म्हणतात. आत बाबांच्या मांडीचा एक्स-रे चालला होता. भंवरलालजींनी विचारलं होतं, हुआ क्या, मैडम, आणि तिनं सांगितलं होतं, ‘लोडिंग टेम्पो का चालक टेम्पो को तेज गति, गफलत व लापरवाही से चलाता हुआ आया और मेरे पिताजी को टक्कर मार दी.’ भंवरलालजींचं पेन कुठंही अडलं नाही. उलट ती ‘तेज गति’वर होती तेव्हाच ते ‘लापरवाही’पर्यंत पोचले होते. त्यांनी मान वर केली आणि कौतुकानं म्हणाले की वकीलसाहिबा असल्या म्हणजे आमचं काम सोपं होतं. नाहीतर लोक नुसते रडतात आणि लिहायचं काय तेच समजत नाही. तिनं सही केली. सही नेहमीसारखीच आली, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. पेन तिनं परत दिलं. आपण काहीच पाहिलेलं नाही, हे तिला तेव्हा कळलं.

तिनं शोधून पाहिलं. भिंतीला टेकून, डोळे मिटून, एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवावं तसं. सकाळ होती. वैशाली नगरातला त्यांच्या घराजवळचा चौक, जानेवारीतलं पातळ ऊन, मटारचा ठेला. संक्रांत होऊन गेली होती आणि विजेच्या तारांवर पतंगांचे सांगाडे लोंबत होते. त्यांतला एक पिवळा अजून शाबूत होता, वाऱ्यानं एकदा उताणा व्हायचा, एकदा पालथा. मागून बाबांचा आवाज आला होता, ‘रहने दो, भैया.’ मग एक आवाज. ब्रेकचा आधी की आदळण्याचा आधी, हे तिला सांगता येईना. भरलेली गोणी जमिनीवर टाकावी तसा बोजड, बिनप्रतिध्वनीचा आवाज. ती वळली तेव्हा बाबा खाली होते आणि टेम्पो उभा होता. उभाच होता. तो धावत येत असलेला तिच्याकडे कुठंच नव्हता. जिथं तो धावत यायला हवा होता तिथं पिवळा पतंग होता. आणि तरी आत्ता, वाक्य बोलून झाल्यावर, त्या पतंगाच्या कडेनं काहीतरी निळं वेगानं शिरायला लागलं होतं. टेम्पो निळा होता, हे तिनं नंतर पाहिलं होतं. नंतर पाहिलेला रंग आधीच्या जागी जाऊन बसत होता, आणि ती उभ्या उभ्या ते बसणं पाहत होती.

कॉरिडॉरच्या टोकाला टेम्पोवाला उभा होता. रामफूल नाव होतं त्याचं, मुरलीपुऱ्याच्या एका कारखान्यातून कूलरचे पत्र्याचे साचे घेऊन निघाला होता. तो पळाला नव्हता. त्यानंच बाबांना खांद्याखाली धरून उचललं, साचे एका बाजूला सारून जागा केली, आणि बाबांचं डोकं मांडीवर घेऊन ती त्या पत्र्यांच्या खडखडाटात हॉस्पिटलपर्यंत आली होती. वाटेत तो दर थोड्या वेळानं मागं वळून विचारत होता, बोल रहे हैं क्या बाबूजी, बोल रहे हैं क्या. आता त्याच्या हातात बाबांची एक चप्पल होती. तिनं सांगितलेलं सगळं त्यानं ऐकलं होतं, आणि चप्पल या हातातून त्या हातात घेण्यापलीकडे काही केलं नव्हतं. भंवरलालजींनी त्याला खुणेनं बोलावलं. जाताना त्यानं चप्पल भिंतीशी नीट ठेवली, देवळाबाहेर ठेवतात तशी, टाच भिंतीकडे करून.

तिनं त्या क्षणी दुसरीकडे का पाहिलं होतं, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. ते शोधायला लागलं नाही. बाबा भाव करायला लागले की ती दुसरीकडे पाहत असे, शाळेत होती तेव्हापासून. विलास गद्रे सरकारी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात मोठे अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते, पण मटार असोत की मोगऱ्याचा गजरा, भाव केल्याशिवाय त्यांना वस्तू आपली वाटत नसे. त्यांची एक पद्धत होती. शेवटचा भाव सांगायचा, ‘रहने दो’ म्हणायचं, आणि मागं सरकायचं. इतर लोक पाठ फिरवून चालू लागतात. बाबा पाठ फिरवत नसत. विक्रेत्याच्या तोंडावर नजर ठेवून ते पावलं मागं टाकत, कारण त्यांच्या मते तोंड पाहिल्याशिवाय समोरचा कुठं तुटतो ते कळत नाही. विक्रेताही मुरलेला असला की त्या वेळी मुद्दाम तराजूकडे पाहतो, गिऱ्हाईक गेलं तर गेलं असं दाखवत. मग दोघांतला एक हरतो. बहुतेक वेळा विक्रेता, ‘अच्छा आओ, बाबूजी, ले जाओ.’ ते ऐकू येईपर्यंत ज्ञानदा समोर जे असेल ते पाहत राही: दुकानाची पाटी, गाईचं शिंग, तारेवरचा पतंग. म्हणजे त्या सकाळी बाबा ठेलेवाल्याला पाहत होते, ठेलेवाला तराजूला पाहत होता, आणि ती पतंगाला. रस्त्याकडे कुणीच पाहत नव्हतं. आणि ‘रहने दो’ नंतर बाबा काय करतात हे तिला पाठ होतं.

हे पोलिसांना सांगायला हवं होतं. इतकं साधं होतं. पण तोंड उघडलं आणि ते वाक्य आलं, ज्याच्यावर तिची सगळी वकिली उभी होती. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाल्यावर ती लॉ कॉलेजात गेली तेव्हा आईला वाटलं होतं की पोरगी न्यायाधीश होईल. ती मोटार अपघात दाव्यांत शिरली. त्यालाही बाबाच कारण. लहानपणी सुट्टीच्या दिवशी बाबा क्लेमच्या फायली घरी आणत आणि जेवणाच्या टेबलावर पसरत. त्यांत रस्त्यांचे नकाशे असत, चाकांच्या खुणा, खडूनं आखलेले माणसांचे आकार. तिला ती भूमिती वाटे. कुणी रेषा ओढली की वेग निघतो, कोन मोजला की दिशा निघते. बाबा लाल पेन्सिलनं एकच वाक्य पुन्हा पुन्हा अधोरेखित करीत आणि हसत. ‘हे पहा बेटा,’ ते म्हणत, ‘टोंक रोड असो का सीकर रोड, मरणारा कोणी असो, वाक्य तेच. सारे ड्रायवर एकाच वाक्यात गाडी चालवून राहिले.’ यवतमाळची त्यांची बोली जयपुरात इतकी वर्षं काढूनही तशीच होती. साक्षीदारावर त्यांचा विश्वास नसे. ज्याच्या जबाबात एकही चूक नाही तो तिथं नव्हताच, असं ते म्हणत. पुढं ती दावेदारांच्या बाजूनं उभी राहू लागली, म्हणजे बापाच्याच कंपनीविरुद्ध, तेव्हा घरात जेवताना रोज जुंपायची. ती म्हणायची, माणूस मेलाय हे खरं आहे ना, मग वाक्याला कशाला हसता. ते म्हणायचे, मी माणसाला हसत नाही.

वाक्य तिला तिच्या सीनियरनं दिलं होतं, माथुरसाहेबांनी. बनी पार्कातल्या कोर्टाच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली त्यांचं टेबल होतं. पहिल्याच हिवाळ्यात एका साक्षीदाराला त्यांनी तिच्यासमोर तयार केलं आणि मग विड्याचा तोबरा गालात सारून म्हणाले, ‘बेटी, गवाह को आँख मत देना, वाक्य देना. आँख को विरोधी वकील फोड़ देता है. वाक्य नहीं फूटता.’ तिला तेव्हा ते क्रूर वाटलं, आणि मग सोयीचं वाटलं, आणि मग काहीच वाटेनासं झालं. शिवाय तिच्यापाशी उत्तर होतं. ट्रक खरा होता, प्रेत खरं होतं, विधवा खरी होती. वाक्य त्यांच्यामधला नुसता सांधा. हाड जोडताना सळई घालतात, ती काही शरीराची नसते. पण तिच्याशिवाय माणूस उभा राहत नाही.

बाबा दुपारी शुद्धीवर आले. मांडीचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता पण आत काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले की आदळण्याच्या आधीची थोडी मिनिटं बहुधा परत येणार नाहीत. मेंदूनं ती अजून टिपून ठेवलेलीच नसतात. आई उशाशी बसून त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत होती. बाबांनी ज्ञानदाकडे पाहिलं. त्यांची नजर तिच्यावर ठरेना, मग ठरली. ‘मटारापर्यंत आठवते मले,’ ते म्हणाले. ‘पुढं काय झालं बेटा? तू होती ना तिथं?’ आईही तिच्याकडे पाहू लागली. तिला वाटलं, आता म्हणावं, मला माहीत नाही. पण पर्चा बयानावर सही होऊन शाई वाळली होती, आणि बाबांचा चेहरा इतका रिकामा होता की त्यात काहीतरी ठेवल्याशिवाय राहवेना. ‘टेम्पो आला, बाबा,’ ती म्हणाली, ‘मतलब, जोरात आला. त्याचं लक्ष नव्हतं.’ मराठीत ते वाक्य लुळं पडलं, पण तेच होतं. तिनं वाट पाहिली. लाल पेन्सिल कुठूनतरी येईल, ते हसतील, म्हणतील, वकीलबाई, बापालाही तेच? ते हसले नाहीत. त्यांनी हळूच मान हलवली. ‘तू पाह्यलं म्हणतेस, तर तसंच असन,’ ते म्हणाले आणि डोळे मिटले. आयुष्यात त्यांनी एकाही साक्षीदारावर ठेवला नव्हता तो विश्वास त्यांनी तिच्यावर असा अलगद ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीत सळई बसवली. अमेयचा बंगलोरहून फोन आला. धाकटा भाऊ, रडला, मग सावरला, मग म्हणाला की ताई, दावा तर लावायलाच हवा, आणि तुझ्यापेक्षा चांगला वकील कुठं मिळणार. चेष्टा करायची होती त्याला. आईनं सांगितलं की ठेलेवाल्यानं मटार पाठवलेत, बाबांनी मागितले होते त्याच भावानं, आणि पोलिसांना तो म्हणाला की मी तर तराजू पाहत होतो. हे सांगताना आईला त्याचा राग आला होता. एवढा मोठा अपघात समोर झाला आणि म्हणे पाहिलं नाही. तराजूत काय सोनं तोलत होता का. ज्ञानदा मटार सोलत बसली. एकेक दाणा निघताना अंगठ्याच्या नखाखाली हिरवं साचत होतं. कुणीच पाहिलं नाही असं म्हणणारा तो एकटाच खरं बोलत होता, आणि आईला तोच खोटा वाटत होता.

तिसऱ्या दिवशी रामफूल आला. जामीन झाला होता. टेम्पो ठाण्यात जमा होता, कारखानदारानं दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही, तिनं विचारलं म्हणून सांगितलं. कोर्टात गुन्हा शाबीत झाला तर लायसनचं काय होईल, एवढंच त्याला तिच्याकडून जाणून घ्यायचं होतं. तिच्याकडून! दुसरा कुणी वकील त्याच्या ओळखीचा नव्हता. तिनं त्याला बाकावर बसायला सांगितलं, तो बसला नाही. मग भिंतीकडे पाहत म्हणाला, ‘मैडम, मैं तो समझ रहा था तीस पर हूँ. माल हिल जाता है, इसलिए तेज़ चलाता ही नहीं. पर आपने देखा है. आप पढ़ी-लिखी हैं, इसी का काम करती हैं. तो तेज़ ही रही होगी.’ तो समजूत घातल्यासारखं बोलला, स्वतःचीच. पुढं म्हणाला की कालपासून त्यालाही तसंच दिसतंय, ठेला एकदम जवळ येताना. आधी दिसत नव्हतं.

तो गेल्यावर ती जिन्यात जाऊन बसली.  तिला धापूची आठवण झाली होती. ती आठवण वर येऊ नये म्हणून दोन दिवस ती काहीतरी करत राहिली होती. धापू चाकसूजवळची. शीतलामातेच्या मेळ्याहून नवऱ्याबरोबर रस्त्याच्या कडेनं चालत येत होती, मागून ट्रक आला आणि नवरा गेला. वकिलीतली ज्ञानदाची पहिली मोठी केस. धापू शेडखाली जमिनीवरच बसायची, खुर्चीवर बसवत नसे तिला. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, ‘मैं तो घूँघट में थी, वकीलनीजी. जेठजी आगे चल रहे थे. मैंने तो बस सुणा.’ थोरला दीर पुढं असला की घुंगट ओढायचाच. ज्ञानदानं तिला सांगितलं की सुणा चालणार नाही, देखा म्हणावं लागेल. धापूला खोटं बोलायची भीती नव्हती, देवीची होती. मेळ्याहून येताना घडलेल्या गोष्टीबद्दल खोटं कसं बोलायचं. ज्ञानदानं देवीचाही बंदोबस्त केला. म्हणाली, घुंगटातूनही थोडं दिसतंच ना, ते आठवून पहा. धापूनं आठवून पाहिलं. तारखांमागून तारखा आठवून पाहिलं. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलानं तिला बराच वेळ उलटसुलट विचारलं, पण वाक्य फुटलं नाही. दावा मंजूर झाला. ज्ञानदानं घरी जाऊन बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते की एकही चूक केली नाही म्हणतेस त्या बाईनं?

पुढं कधीतरी धापू भेटायला आली, बाजरीचं पीठ आणि तूप घेऊन. पोरं शिकत होती, घराला छत पडलं होतं. उठताना तिनं पदर पुढं ओढला आणि सहज, हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं, ‘अब तो रोज दिखता है, वकीलनीजी. पहले खाली आवाज थी. अब टरक आता है, पूरा आता है.’ ज्ञानदा तेव्हा काय म्हणाली ते तिला आठवत नव्हतं. बहुधा घड्याळ पाहिलं असेल. समोर दुसरा अशील बसला असेल. आणि दुसरीकडे पाहायची सवय तर होतीच. आता जिन्यात, फिनेलच्या वासात, ते वाक्य पुरतं तिच्यापर्यंत पोचलं. त्या बाईपाशी नवऱ्याच्या मरणाचा नुसता आवाज होता. आवाज हळूहळू विरतो. ज्ञानदानं तिला चित्र दिलं होतं, जन्मभर पुरेल असं. आणि धापू एकटी नव्हती. शेडखाली जमिनीवर, खुर्चीवर, कुबडी मांडीवर आडवी घेऊन, इतकी माणसं बसून गेली होती. त्यांतल्या कुणी काय पाहिलं होतं आणि कुणाला काय दिसायला लागलं, हे आता निघणार नव्हतं. चाकांच्या खुणांवरून वेग काढता येतो. पण पाण्यावरच्या खुणांवरून काय काढणार.

वरच्या मजल्यावरून कुणीतरी तिला हाक मारत होतं. भंवरलालजी आले होते. जखमी आता बोलतोय तर त्याचाही जबाब हवा होता. ज्ञानदा खोलीत गेली तेव्हा खाट वर उचलून बाबांना अर्धवट बसवलं होतं, डावा पाय उशांवर, कमरेपासून खाली निळी रजई. आईनं त्यांचे केस विंचरले होते. कुणीतरी येणार म्हणून, ऑफिसला निघताना ते विंचरायचे तसे. भंवरलालजींनी पॅड गुडघ्यावर घेतलं आणि तिला खूण केली, फिकीर नको, फॉरमॅलिटी आहे. बाबा बोलू लागले. जुनं खणखणीत सरकारी हिंदी, क्लेम खात्यातलं. सकाळची वेळ होती, मी ठेल्यापाशी रस्त्याच्या कडेला उभा होतो, कच्च्यावर, डांबरावर नव्हे. टेम्पो दूरवरून येताना दिसला. उलट्या बाजूनं आला. हॉर्न दिला नाही. चालकाचं तोंड दुसरीकडे होतं. ‘तेज गति,’ बाबा म्हणाले, आणि भंवरलालजींचं पेन त्यांच्या पुढं धावू लागलं, ‘गफलत व लापरवाही से…’

ज्ञानदा ऐकत होती. एकही चूक नव्हती. परवा मटारापर्यंतच असलेला माणूस आता टेम्पो दूरवरून येताना पाहत होता, चालकाचं तोंड पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत लबाडीचा मागमूस नव्हता. तिथं नुसतं आठवणं होतं, स्वच्छ, आणि ते आठवताना त्यांच्या गळ्याची शीर उडत होती. म्हणजे यापुढं रात्री हेच. टेम्पो पूर्ण येणार. तिची नजर उशांवरच्या पायाकडे गेली. डावा पाय. ठेल्याकडे तोंड करून उभ्या माणसाच्या डाव्या हाताला सरळ बाजूची वाहनं येतात. उलट्या बाजूनं आला असता तर उजवी मांडी मोडली असती. टेबलावरच्या फायलींतला नकाशा तिच्यापुढं पसरला, रेषा, कोन, खडूचा माणूस, आणि त्या माणसाला आता बाबांचे विंचरलेले केस होते. अजून वेळ होता. भंवरलालजी ओळ पुरी करत होते, मग ते बाबांची सही घेतील. आणि तिनं आत्ता तोंड उघडलं तर तिची सही खोटी ठरेल. हे बनी पार्कात पोचायला दिवस लागणार नाही. यापुढं तिच्या प्रत्येक साक्षीदाराच्या वेळी समोरचा वकील हसून विचारील, आपके गवाह भी आप ही की तरह देखते हैं क्या? तो विचारील, आणि तिला उत्तर ठाऊक असेल.

‘बाबा,’ ती म्हणाली. आवाज कोर्टातला लागला, त्याला इलाज नव्हता. ‘ठेलेवाल्यानं मटार कसे सांगितले?’

भंवरलालजींनी वर पाहिलं. बाबांच्या कपाळाला आठी पडली, मध्येच अडवल्याची. ‘कसे म्हणजे? वीस सांगून राहिला होता. जानेवारीत वीस! लूट आहे.’

‘तुम्ही किती म्हणालात?’

‘बारा.’

‘मग तो काय म्हणाला?’

‘नाही म्हणे. पंधराच्या खाली जमत नाही. तराजूकडे पाहत होता, बदमाश.’ त्यांना मजा वाटू लागली होती. ओठाचा एक कोपरा वर गेला, तिथं उन्हाचा कवडसा होता.

‘मग तुम्ही काय म्हणालात?’

‘म्हटलं, रहने दो, भैया.’

‘आणि मग?’

बाबांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. त्यांची नजर समोर भंवरलालजींच्या तोंडावर होती, तोंड पाहिल्याशिवाय कुठं तुटतो ते कळत नाही अशी.  पण रजईखाली त्यांचा उजवा पाय, धड असलेला, हलला. टाच चादरीवरून घासत मागं आली, गुडघ्यापाशी रजईचा उंचवटा झाला, आणि पाय थांबला. पुन्हा थोडा मागं आला. सवयीचा, निवांत, जिंकत आलेल्या माणसाचा पाय. आईच्या हातातला कंगवा तसाच राहिला. भंवरलालजीही तिकडे पाहत होते. सगळ्यांत शेवटी बाबांनी पाहिलं. आपल्याच गुडघ्याकडे, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते सगळं, दूरवरून येणारा टेम्पो, चालकाचं फिरलेलं तोंड, एकेक करून निघून जाताना तिला दिसलं, आणि मागं उरला तो चेहरा पहिल्या दुपारसारखा रिकामा नव्हता. भ्यायलेला होता.

‘मी मागं आलो?’ ते हळू म्हणाले. मग तिच्याकडे वळून, ‘आणि तू कुठं पाहून राहिली होती बेटा?’

तिनं त्यांच्याकडेच पाहत ठेवलं. मान वळायला बघत होती, खिडकीकडे, सलाइनच्या बाटलीकडे, कुठंही. ‘दुसरीकडे, बाबा,’ ती म्हणाली. ‘तुम्ही भाव करता तेव्हा मी नेहमी दुसरीकडे पाहते. तो जोरात आला की हळू, मला माहीत नाही. मी पतंग पाहत होते.’

आईनं कंगवा मांडीवर ठेवला. बाबांनी पाय सरळ केला नाही. भंवरलालजींनी पॅडवरची ओळ वाचली, मग तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा ओळ. त्यांना राग आला नव्हता; रोजच्या रस्त्यावर अचानक भिंत लागावी तसे ते गोंधळले होते. ‘तो अब क्या लिखूँ, मैडम?’

‘लिखिए,’ ज्ञानदा म्हणाली.

त्यांनी नवं पान उलटलं आणि पेन कागदाला टेकवलं. या वेळी ते पुढं धावलं नाही. टोक एकाच जागी राहिलं, शाईचा ठिपका वाढत गेला. ते वाट पाहत होते, आणि वाक्य तिला पाठ नव्हतं.